चारशे बारा निर्णयपेशी

माकड निर्णय कसा घेतं याचा शोध ज्या सकाळी लागला, त्या सकाळी माकडाला काहीच ठरवायचं नव्हतं. त्याला सफरचंदाचा रस हवा होता, आणि तो त्याला रोजच त्या वेळी हवा असायचा.

हे घडलं एका संशोधन संस्थेच्या तळघरात. तळघरात अशासाठी, की वरच्या मजल्यांना लिफ्टचे हादरे बसतात, आणि तिथल्या मायक्रोस्कोपला शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलेलंही खपत नसे. वर संचालकांची केबिन आणि सभागृह होतं. तिथं कितीही आपटाआपट झाली तरी विज्ञानाचं काही बिघडत नव्हतं.

मायक्रोस्कोप बांधला होता भिंगबाईंनी. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कॅमेऱ्याची भिंगं घासणाऱ्या कारखान्यातून त्या संस्थेत आल्या, तेव्हा माकडांची देखभाल करणाऱ्या मामांनी त्यांना हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मामा स्वतःही कुणाचे मामा नव्हते. बावीस वर्षं माकडांचं खाणंपिणं, वजन, दुखणंखुपणं बघता बघता सगळ्यांचेच मामा झाले होते. ज्या माकडाबद्दल ही गोष्ट आहे ते कागदोपत्री एम-सात होतं. पण खुर्चीत बसलं की दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्याकडे असं बघायचं, की जणू अर्ज घेऊन आलेला माणूस आपल्यापुढे उभा आहे. म्हणून मामा त्याला भाऊसाहेब म्हणत.

पद्धत ऐकायला सोपी. माकडाच्या कवटीत नाण्याएवढी काचेची खिडकी बसवायची आणि जखम पूर्ण भरू द्यायची. मेंदूतली पेशी कामाला लागली की हिरवं चमकेल असं एक प्रथिन तिच्यात घालायचं. मग वरून लेझर सोडायचा आणि चमचम बघायची. उंदरांवर हे जगभर चाललं होतं. उंदराचा मेंदू लहान, गुळगुळीत आणि गरीब स्वभावाचा. माकडाचा मेंदू जाडजूड. श्वास घेतला की वर येतो, हृदयाचा ठोका पडला की डुलतो. पेशी केसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी. मेंदू तेवढा जरी सरकला तरी ती नजरेआड होते.

भिंगबाईंनी सहा वर्षं खपून असं भिंग तयार केलं होतं, की जाग्या माकडाच्या मेंदूत खोलवर, एका दमात दोन हजारांवर पेशी दिसाव्यात. ही खरी प्रगती होती. तिच्यावर कुणी भाषण केलं नाही, कारण भिंगावर भाषण सुरू झालं की लोक उठून चहाला जातात.

भाषण झालं ते निर्णयपेशींवर. भाऊसाहेबांना पडद्यावर दोन चित्रं दाखवायची, त्यांनी योग्य चित्राला हात लावायचा, आणि लावला की नळीतून रसाचे चार थेंब. त्या सकाळी असं दिसलं, की चित्रं यायच्या चांगला एक सेकंद आधीच चारशे बारा पेशी लख्ख उजळतात. रोज त्याच, रोज तेव्हाच. संचालक पायऱ्या उतरून स्वतः तळघरात आले. एरवी ते फक्त फोटो काढायचा असला तरच येत. पडद्याकडे बघून ते म्हणाले की माकडाला कळायच्या आधी त्याच्या मेंदूनं निर्णय घेतलेला असतो, आणि हे सगळ्या मानवजातीला लागू आहे. एका माकडावरून सगळी मानवजात, म्हणजे तसं पाहिलं तर त्यांनी स्वतःला आवरलंच होतं.

मामा कोपऱ्यात नळी धूत होते. मेंदू आधीच ठरवून बसतो तेव्हा माकड कुठं असतं, असं त्यांनी सहज विचारलं. संचालकांनी त्यांच्याकडे प्रेमानं बघितलं आणि फोटोग्राफरला बोलवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात संस्थेच्या फाटकावर फलक लागला. महिन्याभरात एका मोठ्या जर्नलकडे पेपर गेला. त्यावर पहिलं नाव संचालकांचं, शेवटचंही जवळजवळ त्यांचंच, म्हणजे जावयाचं, आणि मध्ये कुठंतरी भिंगबाई. मामांचं नाव आभारात होतं, चुकीच्या आडनावासह.

भिंगबाईंना मात्र ती चमक डाचत होती. उजळायच्या क्षणी प्रत्येक पेशीची एकच कड आधी उजळे, डावीकडची. चारशे बारा पेशींना एकाच वेळी निर्णय सुचतो हे एक वेळ मान्य केलं, पण सगळ्यांना तो डाव्या बाजूनंच कसा सुचतो? त्यांनी संचालकांना एक साधी तपासणी सुचवली. हिरव्या प्रथिनाच्या जोडीला लाल रंगाचं दुसरं प्रथिन त्याच पेशींमध्ये आधीपासून होतं. त्याला पेशीच्या कामाशी देणंघेणं नसतं, ते नुसतं लाल राहतं. हिरवं उजळताना लाल स्थिर राहिलं तर शोध खरा. लालही उजळलं तर काहीच उजळत नाहीये, नुसता मेंदू हलतोय. संचालक म्हणाले की कल्पना फारच छान आहे, पेपर छापून आला की जरूर करू.

घरी भिंगबाई आणि त्यांच्या सासूबाई अशा दोघीच असत. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूबाईंनी सरकारी दवाखान्यात तेहतीस वर्षं एक्स-रे काढले होते. एका संध्याकाळी जेवताना भिंगबाईंनी त्यांना फोनवर ती चमचमती फिल्म दाखवली. म्हाताऱ्यांना दाखवतो तशी, कौतुक करून घ्यायला. सासूबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि दोनदा बघितली.

"हा हललाय," त्या म्हणाल्या.

"कोण हललाय, आई?"

"तुझा पेशंट. अगं, फोटो काढायच्या वेळी माणूस हलला की कड अशी दुहेरी येते. तेहतीस वर्षं लोकांना श्वास रोखायला सांगत आले मी. ह्याला कुणी सांगितलं नाही का?"

भिंगबाईंनी घास ताटात ठेवून फिल्म परत लावली. तीन डॉक्टरेट, दोन परदेशी सल्लागार आणि एक सल्लागार समिती यांना जे दिसलं नव्हतं, ते सासूबाईंनी जेवता जेवता सांगून टाकलं, आणि वर मीठ पुढं सरकवायला सांगितलं.

शनिवारी संस्था बंद असे, पण माकडांना शनिवार कळत नाही. मामा नेहमीसारखे आले होते. भिंगबाईंनी त्यांना सगळं खरं सांगितलं आणि अर्धा तास मागितला. भाऊसाहेब आपणहून खुर्चीत येऊन बसले. डोकं स्थिर ठेवणारा कंस मामांनी हळूच लावला, आणि भिंगबाईंनी लाल रंगासाठीचा काचेचा फिल्टर मायक्रोस्कोपमध्ये सरकवला.

लालही उजळलं. चित्र यायच्या एक सेकंद आधी, डाव्या कडेनं. जवळजवळ सगळ्या पेशी.

भिंगबाईंनी लाल फिल्म नीट साठवून ठेवली. मामांनी पडद्याकडे बघितलं, मग माकडाकडे, आणि म्हणाले की हे असंच होणार, कारण भाऊसाहेब रस यायच्या आधी जबडा आवळतात.

"कधी आवळतो?"

"रसाचा पंप भरताना टक् असा आवाज होतो ना बाई, तेव्हा. त्याला माहीत आहे आता चित्रं येणार नि मग रस. ताट वाढताना माझाही जबडा हलायला लागतो."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं नाही. तुम्ही सगळे त्याच्या मेंदूकडे बघत होता. तोंडाकडे मी एकटाच बघत होतो."

कंसामुळे कवटी जागच्या जागी राहत होती, पण जबडा आवळला की आतला मेंदू जरासा सरकत होता. भिंगाच्या नेमक्या टप्प्यात पेशी येत आणि उजळल्यासारख्या दिसत. मायक्रोस्कोप इतका उत्तम बांधला होता, की ती हालचालही त्यानं इमानेइतबारे टिपली होती. भिंगबाईंना हसावं की रडावं कळेना. त्या म्हणाल्या की आता हे सांगितलं तर सहा वर्षांवर पाणी पडेल, आणि न सांगितलं तर कुणाला कळणारही नाही.

मामा कंस सोडवत होते. सोडवून झाल्यावर त्यांनी माकडाच्या मानेवरून हात फिरवला.

"बाई, ह्याच्या डोक्याला खिडकी पाडलीत ती बघायलाच ना? मग नीट तरी बघा."

सोमवारी भिंगबाई लाल फिल्म घेऊन संचालकांच्या केबिनमध्ये गेल्या. संचालकांनी ती शांतपणे बघितली. मग म्हणाले की लाल प्रथिनही निर्णयात सहभागी असण्याची शक्यता आपण नाकारू शकत नाही, आणि तसं असेल तर हा दुसरा शोध आहे. भिंगबाईंनी सांगितलं की असं असेल तर मेंदूवरची रक्ताची शीरही निर्णय घेते, कारण त्याच क्षणी तीही हलते. संचालकांनी पेन खाली ठेवलं. ही संस्था एक कुटुंब आहे, अशी त्यांनी सुरुवात केली, आणि कुटुंबाचा विषय निघाला तेव्हाच भिंगबाईंना कळलं की आपल्याला गप्प बसायला सांगितलं जाणार आहे. गुरुवारी मंत्री प्रयोग बघायला येणार होते. त्यानंतर सगळं सविस्तर बोलू असं ठरलं, म्हणजे संचालकांनी ठरवलं.

गुरुवारची तयारी जोरात झाली. तळघराला रंग दिला. भाऊसाहेबांच्या खुर्चीला पॉलिश केलं. मायक्रोस्कोप ज्या टेबलावर होता ते टेबल दाबलेल्या हवेवर तरंगत असे, म्हणजे जमिनीचे हादरे वर पोचू नयेत. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की टेबलाला हात लावू नये. पाहुण्यांसमोर हे उद्धट दिसतं म्हणून ती पाटी काढून तिथं फुलदाणी ठेवली गेली. फुलदाणी भिंगबाईंनी हलवली. पाटी कुठं गेली ते सापडलं नाही.

मंत्री अकराला येणार होते, ते एक वाजता आले. आता, रसासाठी भाऊसाहेबांना सकाळी तहानलेलं ठेवत, पण बारानंतर ठेवायचं नाही असा नियम होता, आणि मामा तो नियम संचालकांपेक्षा वरचा मानत. बाराच्या ठोक्याला त्यांनी माकडाला पोटभर पाणी पाजलं आणि दोन केळी दिली. संचालकांनी आडून आडून हरकत घेतली, तर मामांनी नियमाचा कागद भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिला. परिणामी पाहुणे आत आले तेव्हा भाऊसाहेब हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, पॉलिश केलेल्या खुर्चीत गाढ झोपले होते.

ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. पडद्यावर चारशे बारा गोल आखलेले होते. आणि ते उजळत होते. विझत होते, परत उजळत होते, नेहमीपेक्षा कितीतरी जोरात. वार्ताहरांचे कॅमेरे कडाकड वाजले. संचालक बोलत होते, त्यांचा आवाज भरून आला होता. भिंगबाई यंत्राशी बसल्या होत्या, आणि त्यांना काही समजेना. त्यांनी वळून बघितलं. दमलेल्या मंत्र्यांनी उजवं कोपर तरंगत्या टेबलावर टेकवलं होतं, आणि सवयीप्रमाणे ते पाय हलवत होते. पाय हलला की कोपर हलायचं, कोपर हललं की टेबल, टेबल हललं की मायक्रोस्कोप, आणि मायक्रोस्कोप हलला की मानवजातीचं इच्छास्वातंत्र्य लुकलुकायचं.

"हा आत्ता काय ठरवतोय?" मंत्र्यांनी विचारलं.

संचालकांनी सांगितलं की नव्या व्यक्तीच्या उपस्थितीत रस घ्यावा की नाही, असा त्याच्यापुढे पेच आहे, आणि पेच किती खोल आहे ते आपण बघतोच आहोत.

"साहेब, तो झोपलाय," मामा म्हणाले.

खोलीत सगळ्यांनी पहिल्यांदाच माकडाकडे बघितलं. भाऊसाहेबांचा खालचा ओठ लोंबत होता. संचालकांनी कोट सारखा केला. मग म्हणाले की झोपेतही निर्णयप्रक्रिया चालू राहते, हे तर अधिकच महत्त्वाचं आहे, आणि एका वार्ताहरानं ते लिहूनही घेतलं.

भिंगबाईंनी नंतर सासूबाईंना सांगितलं, की त्या क्षणी त्यांना शौर्य वगैरे काही सुचलं नव्हतं. कारखान्यात कुणी भिंगाच्या यंत्रावर हात ठेवला की त्या जशा बोलत, तशा त्या बोलून गेल्या.

"साहेब, टेबलावरचं कोपर जरा काढता का?"

मंत्र्यांनी कोपर उचललं. पडदा एकदम थंड झाला. गोल तेवढे दिसत होते, आत अंधार.

"आता परत ठेवा."

ठेवलं. लख्ख.

"म्हणजे हे माझ्यामुळे होतंय?" मंत्र्यांचे डोळे विस्फारले.

"हो. तुमच्या कोपरामुळे."

भिंगबाईंची समजूत अशी, की आता सगळं उघड झालं. पण मंत्री गहिवरले होते. त्यांनी कोपर आणखी तीनदा ठेवलं, तीनदा उचललं, मग सचिवांनाही ठेवायला लावलं. सचिवांच्या कोपरानं पेशी कमी उजळल्या, हे मंत्र्यांनी आवर्जून सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोखाली ओळ होती की मंत्र्यांच्या स्पर्शाला माकडाच्या मेंदूचा प्रतिसाद. झोपलेल्या भाऊसाहेबांचा चेहरा त्यात छान आला होता.

त्या खोलीत तिघांनाच नेमकं काय घडलं ते कळलं होतं. भिंगबाई आणि मामा हे दोघे. तिसरे संचालक. पाहुणे गेल्यावर ते तळघरात एकटे परत आले, आणि त्यांनी स्वतःचं कोपर टेबलावर ठेवून बघितलं. भाऊसाहेब अजून खुर्चीत झोपलेलेच होते, आणि भिंगबाई तिथंच वायरी आवरत होत्या. पडद्यावरची चमक बघत त्यांनी कोपर दोनदा उचललं, दोनदा ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हातारे दिसले, असं भिंगबाई सांगतात. त्यांना वाटलं, माणूस आता कबूल करेल. ते म्हणाले, "पाटी काढायला नको होती," आणि जिना चढून गेले. त्यांच्या परीनं ती कबुलीच होती.

पण पेपर मागे घ्यायचं नाव त्यांनी काढलं नाही. आठवडाभर वाट बघून भिंगबाईंनी जर्नलला पत्र लिहिलं. पेपरातून आपलं नाव काढावं, आणि सोबतची लाल फिल्म परीक्षकांना दाखवावी. पत्र पाठवण्याआधी त्यांनी ते सासूबाईंना वाचून दाखवलं. नोकरी गेली तर काय, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या की दवाखान्यात चार मोठ्या डॉक्टरांनी चालवून घेतलेले हललेले फोटो त्यांनी परत काढले होते, चौघांनीही आरडाओरडा केला होता, आणि त्यातले तीन पेशंट अजून हिंडतायत.

जर्नलनं पेपर परत पाठवला. संस्थेत कुणी भिंगबाईंशी बोलेना. कुटुंबात असतं तसंच. कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलावर मामा तेवढे बसत, आणि मामांचं बोलणं माकडांपलीकडे जात नसे, त्यामुळे तिथं उलट बरंच वाटे. नोकरी मात्र गेली नाही, कारण तो मायक्रोस्कोप दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता.

पुढचे सात महिने भिंगबाईंनी मेंदूच्या हालचालीमागे भिंगच पळवायचा खटाटोप केला. लाल रंगावर नजर ठेवायची, तो जिकडे सरकेल तिकडे भिंग तितकंच सरकवायचं, सेकंदात साठ वेळा. पंप बदलून बिनआवाजाचा बसवला. मामांनी जबड्याखाली छोटा कॅमेरा लावून घेतला आणि त्याच्या नोंदी स्वतः ठेवल्या. एके दिवशी सगळं जुळून आलं. मेंदू पडद्यावर दगडासारखा स्थिर दिसला, लाल जरासुद्धा हललं नाही, आणि भाऊसाहेबांनी चित्राला हात लावायच्या किंचित आधी हिरव्यात काहीतरी उजळलं.

अकरा पेशी.

चारशे बारापैकी अकरा. अंधूक, भित्र्या, पण रोज त्याच. डावीकडून नव्हे, सगळीकडून. मामांनी पडद्याला बोट न लावता दोनदा मोजल्या आणि म्हणाले की आता हे भाऊसाहेबांचं स्वतःचं वाटतंय.

हा पेपर एका लहान जर्नलमध्ये आला. मामांचं नाव लेखकांत होतं, आडनाव बरोबर. फाटकावर फलक लागला नाही. अकरा पेशींचा फलक कोण लावणार? संचालकांनी मात्र वर्षभरात जगभर व्याख्यानं दिली. विषय होता 'हालचाल: मेंदू-चित्रणाचा छुपा शत्रू', आणि हा शत्रू त्यांनी एकट्यानं हेरला होता. भाऊसाहेब प्रयोगातून निवृत्त झाले आणि गावाबाहेरच्या आवारात इतर माकडांत गेले. तिथं त्यांना रस मागायला चित्रं ओळखावी लागत नाहीत.

पेपर छापून आल्यावर चार महिन्यांनी भिंगबाईंना एका अनोळखी संशोधिकेचं पत्र आलं. दूरच्या कुठल्याशा लॅबमध्ये तिला सहाशे वीस पेशी सापडल्या होत्या, आणि त्या माकडाला कंटाळा यायच्या आधीच उजळत. तुमचा पेपर वाचून मी लाल रंग तपासला, असं तिनं लिहिलं होतं. आता नऊ उरल्यात. आमच्या संचालकांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. आपली फार आभारी आहे.

भिंगबाईंनी त्याच दुपारी तिला उत्तर लिहिलं. पंप कुठला घ्यायचा ते कळवलं, आणि माकडाची देखभाल कोण करतं, त्या माणसाशी एकदा निवांत बोलून घे, असंही कळवलं.